व्यसनाची नोंद सातबाऱ्यावर

शेतकरी बंधूंस व्यसनावर प्रवचन ऐकविण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. तेव्हां घरांत व्यसन शिरलें म्हणजे कागद कसे बोलूं लागतात, एवढेंच सांगावयाचें आहे.

आमच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत तालुक्यांतील एका सुखवस्तु बागाईतदाराचा थोरला मुलगा शिक्षणासाठीं शहरांत गेला आणि गर्द ओढूं लागला. ही भुकटी अफूपासूनच होते. आरंभीं मौज म्हणून घेतली, तरी शरीर लवकरच तिच्या आधीन होतें. वेळेवर न मिळाल्यास नाकाडोळ्यांतून पाणी गळतें, हाडें ठणकतात, झोंप उडते. मग मनुष्य सुखासाठीं नव्हे, तर ही यातना टळावी म्हणून घेतो; आणि मात्रेबरोबर खर्चहि वाढतो.

पुढील क्रम आम्हांस दप्तरांत दिसला. वडिलांनीं पिकाच्या नांवें सोसायटीचें कर्ज काढून मुलाचीं देणीं भागविलीं. बोजा इतर हक्कांत चढला. बहिणींनीं मायेपोटीं हक्कसोडपत्र दिलें. मग खातेफोडीचा अर्ज आला. शेवटीं मुलाच्या वाट्याचें खरेदीखत झालें, आणि सामाईक विहिरीच्या पाळींत परका वाटेकरी शिरला. आईच्या पाटल्या गेल्या, त्यांची नोंद कोठेंच नाहीं. घरची चोरी कोणी चावडीवर सांगत नाहीं; शेजाऱ्याचा पंप गेला तेव्हां मात्र गुन्हा दाखल झाला. त्या घरचे दोघे भाऊ कचेरीच्या आवारांत एकमेकांकडे पाठ करून बसलेले आम्हीं पाहिले.

ते सर्व फेरफार आमच्या हातांखालून गेले. कागद बिनचूक होते, म्हणून आम्ही एक शब्दहि बोललों नाहीं. ती चूक आज बोचते.

उपाय काय? पुनःपुन्हां कर्ज फेडणें हा उपाय नव्हे. त्यानें नव्या उधारीस वाट मिळते. रोगी समजून उपचारास न्यावें. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं 1986 सालीं मुक्तांगण काढलें. 14446 या सरकारी क्रमांकावरहि सल्ला मिळतो. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम 64अ प्रमाणें, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत सांपडलेल्या व्यसनी मनुष्यानें स्वतः होऊन मान्य रुग्णालयांत उपचार घेतल्यास त्या गुन्ह्याच्या खटल्यापासून सूट मिळूं शकते. चोरीस मात्र ही सवलत नाहीं. उपचारानंतर शरीराची सहनशक्ति उतरलेली असते. तेव्हां पुन्हां जुनीच मात्रा घेतल्यास प्राणावर बेततें. म्हणून घरीं परतलेल्यास एकटें सोडूं नये.

जमिनीविषयीं दोन गोष्टी. 2005 च्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क आहे. तो भिडेखातर सोडूं नये. फेरफाराची नोटीस आल्यास वाचल्याविना सही करूं नये. हरकतीस 15 दिवसांची मुदत असते.

वर्षांतून एकदां सातबारा काढून सर्व घरानें एकत्र वाचावा. न उमगणारा बोजा दिसला, तर सावकाराकडे धांवण्यापूर्वीं मुलास जवळ बसवून विचारावें.