क्विंटलभर सोयाबीनची गिटार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या वाशिम जिल्ह्यात घरातल्या मोठ्या खरेदीचे वेळापत्रक सोयाबीन ठरवते. दिवाळीच्या आगेमागे माल बाजार समितीत गेला की कुठे मोबाइल येतो, कुठे लग्नाचे कपडे, कुठे मोटारसायकलचा थकलेला हप्ता भरला जातो. अलीकडे या यादीत गिटारचीही भर पडली आहे. रिसोड असो, मालेगाव असो की मानोरा, मोबाइलवर गाणी पाहून दहावी-अकरावीतली मुले-मुली गिटारसाठी हट्ट धरतात आणि बाप मनातल्या मनात हिशेब करतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. शिकाऊ मुलासाठी बरी म्हणावी अशी गिटार साधारण तेवढ्यातच येते. म्हणजे एका गिटारीत एक क्विंटल सोयाबीन जाते, आणि बाजारात हमीभाव हातात पडला नाही तर जरा जास्तच. ज्या घरात एवढे मोजून पैसे येतात, तिथे ही खरेदी डोळे उघडे ठेवून व्हायला हवी.

मी काही नामांकित वादक नाही. मी कविता लिहितो, गझल लिहितो. बी.ए.च्या वर्षांत एका मित्राच्या गिटारीवर चार-पाच कॉर्ड शिकलो. आज पन्नाशी उलटून गेल्यावरही एखादी गझल तरन्नुममध्ये म्हणताना तेवढीच साथ घेतो. पण गावात एवढे भांडवलही पुष्कळ ठरते. ‘चाचा, तुम्ही चला ना सोबत,’ म्हणून मुले बोलावतात आणि मी त्यांच्यासोबत कधी अकोल्याच्या, कधी वाशिमच्याच दुकानात जातो. भजनाचे टाळ, ढोलकी आणि हार्मोनियम विकणाऱ्या दुकानातही आता दोन-चार गिटारी टांगलेल्या असतात. या फेऱ्यांतून एक गोष्ट पक्की कळली. स्वस्त गिटार वाईटच असते असे नाही. वाईट असते ती नीट न जुळवलेली गिटार. तिच्यावर बोटे सोलून निघतात, सूर लागत नाही, आणि मूल शेवटी म्हणते, ‘मला गाणे जमतच नाही.’ दोष लाकडाचा असतो आणि शिक्षा मुलाला होते.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, हे परक्यांचे वाद्य, आपल्या पोरांना कशाला? खरे तर गिटार हा शब्दच किती मुलुखांतून फिरून आला आहे. ग्रीक ‘किथारा’, अरबी ‘कितारा’, स्पॅनिश ‘गितारा’ असा त्याचा प्रवास. मुंबईत फुर्टाडोज हे पाश्चात्त्य वाद्यांचे दुकान १८६५ पासून आहे. गोव्याच्या वादकांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार रुजवली. १९७३ च्या ‘यादों की बारात’मधल्या ‘चुरा लिया’ची गिटार भूपिंदर सिंग यांची, हे अनेकांना ठाऊक असेल. पंडित ब्रिजभूषण काब्रांनी तर तिच्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ ची. वाद्य जो वाजवतो त्याचे होते.

काब्रांचे नाव घेतले, त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. ते वाजवत ती हवाईयन पद्धत. त्यात गिटार आडवी ठेवतात आणि तारेवरून धातूचा दांडू सरकवतात. त्यासाठी तारा मुद्दाम उंच बसवलेल्या असतात. एके काळी हा प्रकार घराघरांत लोकप्रिय होता, त्यामुळे काकांची जुनी गिटार माळ्यावरून खाली निघते ती पुष्कळदा हीच असते. बोटांनी कॉर्ड धरायला शिकणाऱ्या मुलाच्या हाती ती तशीच देऊ नका.

आता नव्या गिटारीकडे वळू. दुकानात दोन प्रकार दिसतील. एकीच्या तीन तारा पारदर्शक नायलॉनच्या असतात, ती क्लासिकल. दुसरीच्या सगळ्या तारा धातूच्या, तिला लोक नुसतेच अकुस्टिक म्हणतात. नायलॉनच्या तारा बोटांना मऊ लागतात, पण त्या गिटारीची मान रुंद असते. चित्रपटगीते आणि भावगीते कॉर्डवर म्हणायची तर बहुतेक मुलांना दुसरी हवी असते. एक पथ्य मात्र कायम पाळा. नायलॉनच्या गिटारीला धातूच्या तारा कधीही लावू नका. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४० किलो असतो, तर धातूच्या तारांचा सुमारे ७० किलो. एवढा भार पेलण्यासाठी ते खोके बांधलेलेच नसते. काही महिन्यांत घोडी उचकटते किंवा पोट फुगते.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. सूर हलला की वादक पडदा सरकवतो. गिटारीचे पडदे, म्हणजे फ्रेट, लाकडात कायमचे ठोकलेले असतात. त्यांच्या जागा गणिताने ठरतात. तारेच्या उरलेल्या लांबीला दर वेळी सुमारे १७.८ ने भागायचे, तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा. तार ६५० मिलिमीटरची असेल तर पहिला पडदा सुमारे ३६.५ मिलिमीटरवर येतो आणि असे करत बारावा बरोबर मध्यावर. तार निम्मी झाली की सूर दुप्पट कंपनांचा होतो, म्हणजे मध्य सप्तकातला सा तार सप्तकात जातो. कारखान्यात इथे चूक झाली तर ती कुणालाही दुरुस्त करता येत नाही. म्हणून पहिली परीक्षा हीच. मोबाइलवर सूर जुळवण्याचे फुकट अ‍ॅप मिळते. आधी तार जुळवा, मोकळी वाजवा, मग बाराव्या पडद्यावर हलके दाबून वाजवा. दोन्ही वेळा तेच अक्षर दिसले आणि काटा मध्याच्या आसपास राहिला, तर गिटार सुरात आहे. काटा फार पळाला तर दुकानदाराला नव्या तारा लावून दाखवायला सांगा. तरीही पळाला तर ती गिटार परत खुंटीवर टांगा.

दुसरी परीक्षा तारेच्या उंचीची. मुले गिटार सोडतात ती बहुतेक याच कारणाने. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी सोबत न्या. बाराव्या पडद्याच्या माथ्यापासून सर्वांत जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम, तीनपर्यंत चालेल. चार मिलिमीटर म्हणजे शिकणाऱ्याच्या बोटांवर जुलूम.

तिसरी परीक्षा मानेची. तारांच्या ताणाने मान किंचित वाकते आणि तेवढी ती वाकायलाही हवी. एका हाताने तार पहिल्या पडद्यावर दाबा, दुसऱ्या हाताने मान आणि खोके जिथे मिळतात तिथे दाबा. मधल्या, सातव्या पडद्यावर तारेखाली एक पोस्टकार्ड जेमतेम सरकावे एवढी फट असावी. फट मोठी असेल तर मानेत ट्रस रॉड आहे का ते विचारा. लाकडात बसवलेली ही लोखंडी सळई किल्लीने फिरवून मान सरळ करता येते. अगदी स्वस्त गिटारींत ती नसते किंवा नावापुरती असते. पाच हजार खर्च करणाऱ्याने ट्रस रॉडशिवाय गिटार घेऊ नये.

आता एका घरातली गोष्ट सांगतो. कारंजा तालुक्यातल्या एका गावात एका मुलीने ऑनलाइन गिटार मागवली होती. दोन महिन्यांत ती गिटार कपाटावर जाऊन बसली. वडील म्हणाले, ‘पोरीले जमत नाई जी. बोटं सुजतात तिचे. वापस होते काय पाहा.’ मी पट्टी लावली. अंतर होते बरोबर चार मिलिमीटर. मान सरळ होती, सूर ठीक होता. बिघडले होते एवढेच की घोडीवरची पांढरी पट्टी उंच होती. ती काढून तिचा तळ काचपेपरवर घासायचा असतो. हिशेब सोपा आहे. बाराव्या पडद्यावर एक मिलिमीटर उतरवायचे तर घोडीवर दोन मिलिमीटर घासावे लागतात, कारण बारावा पडदा तारेच्या मध्यावर आहे. गावातल्याच सुताराने खूण करून, थोडे थोडे, तळ सपाट ठेवून ती पट्टी घासली. बारीक तारांचा नवा संच लावला. चारशे रुपयांच्या आत काम झाले. पुढे ती मुलगी शाळेच्या प्रार्थनेला साथ करू लागली. वडिलांनी मला एवढेच विचारले, ‘मंग दुकानातूनच असं करून कावून देत नाईत?’

त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मिरजेला मिळते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी तिथे एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तंबोरे बनवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला कारागीर तंबोरा जोडून झाला म्हणून विकत नाही. घोडीचा माथा कानसाने घासत, ऐकत, पुन्हा घासत तो जवारी काढतो, तेव्हा कुठे तंबोरा बोलू लागतो. कारखान्यातून हजारांनी निघणाऱ्या स्वस्त गिटारीवर असा हात फिरत नाही. तेवढी मजुरी वाचते म्हणून ती स्वस्त पडते. ते उरलेले काम आपल्याला करून घ्यावे लागते आणि त्याचे पैसे खरेदीच्या वेळीच बाजूला काढून ठेवावे लागतात.

म्हणून माझा हिशेब असा. जवळ सहा हजार असतील तर गिटारीला पाच द्यावेत आणि उरलेल्या हजारात जुळवणी, तारांचा एक जादा संच आणि जाड पिशवी बसवावी. तारा घामाने गंजतात, रोज वाजवणाऱ्याने चार-सहा महिन्यांनी बदलाव्यात. कोलकात्याच्या गिव्हसन, हॉबनर यांच्यासारख्या देशी गिटारी या किमतीच्या टप्प्यात सापडतात. यामाहाची एफ-३१० घ्यायची तर दहा हजारांच्या आसपास किंवा थोडे वरही जावे लागते. पण या किमतींत नावापेक्षा हातातली वस्तू महत्त्वाची, कारण एकाच मॉडेलच्या दोन गिटारीही वेगळ्या निघू शकतात. म्हणून शक्यतो दुकानात जाऊन, तपासून घ्या. ऑनलाइन घेतलीच तर परत करण्याची मुदत संपायच्या आत या तिन्ही परीक्षा घ्या. पुण्या-नागपूरहून शिकून परतलेल्या मुलांच्या जुन्या गिटारीही निम्म्या किमतीत मिळतात. त्यांच्या घोडीखाली कागदाची चिठ्ठी सरकते का पाहा. सरकली तर घोडी सुटू लागली आहे. पडद्यांची टोके तळहाताला बोचतात का आणि चाव्या सैल फिरतात का, तेही पाहा.

लाकडाबद्दल दुकानदार ‘सॉलिड टॉप’चा आग्रह करील. अखंड फळीचा आवाज खुलतो, हे खरे. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, हवा कोरडी होते आणि अखंड फळीला तडा जाण्याची भीती असते. पावसाळ्यात तीच फळी फुगते. प्लायवूडच्या पोटाचा आवाज थोडा दबका असतो, पण त्याचे आडवे-उभे थर हा उन्हाळा सोसतात. शिकाऊ मुलासाठी इथे स्वस्त तेच सोयीचे. मात्र ती टिनाच्या भिंतीला टेकवू नका, कुलरच्या थेट झोतात ठेवू नका आणि उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच विसरू नका. तापलेल्या गाडीत सरस मऊ पडतो आणि जोड सुटतात.

आई-वडिलांना आणखी एक सांगायचे आहे. जुळवलेल्या गिटारीवरही पहिले दोन-तीन आठवडे बोटांची टोके दुखतात. कातडी घट्ट होईपर्यंत ते सोसावे लागते, रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. पण मनगट किंवा तळवा दुखत असेल, तर बसण्याची पद्धत चुकते आहे किंवा गिटार मोठी आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पूर्ण मापाची ४१ इंची गिटार देऊ नका, लहान माप मागा. आणि महिनाभरात ‘याला जमत नाही’ असा निकाल देण्यापूर्वी एकदा बाराव्या पडद्यावर पट्टी लावून पाहा.

या दिवाळीत कुणी दुकानाची पायरी चढणार असेल तर खिशात कंपासपेटीतली पट्टी, एक पोस्टकार्ड आणि सूर जुळवण्याचे अ‍ॅप असलेला मोबाइल ठेवा. वाजवता येत नसले तरी चालेल, मोजता आले पाहिजे. दुकानदार घाई करील, म्हणेल, ‘सगळ्या सारख्याच असतात.’ त्याला शांतपणे दुसरी काढायला सांगा, मग तिसरी. क्विंटलभर सोयाबीन तोलताना व्यापारी काट्याकडे जेवढा वेळ पाहतो, तेवढा वेळ गिटारीकडे पाहण्याचा हक्क आपल्यालाही आहे.