गोळीत लिहिलंय तेवढं असतं का?

शेजारच्या वहिनी परवा म्हणाल्या, "तळपायाला मुंग्या येतात म्हणून बी-१, बी-६ ची गोळी घेतेय, पण गुण म्हणून नाही! गोळीत दमच नसणार. आता दोन-दोन घेते."

मी दचकलेच. गोळीत दम आहे की नाही, हे चवीवरून किंवा रंगावरून कुणालाच सांगता यायचं नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं, आणि कसं ते ऐकण्यासारखं आहे.

साधारण वीस गोळ्या वजन करून खलतात. त्यातली मोजकी पूड सौम्य आम्लात विरघळवून गाळतात. ते स्वच्छ पाणी क्वार्ट्झच्या चौकोनी नळीत भरतात (साधी काच इथे चालत नाही, ती हे किरण स्वतःच अडवते) आणि त्यातून अतिनील किरण सोडतात. डोळ्यांना न दिसणारे हे किरण जीवनसत्त्वं शोषून घेतात. जितकं जीवनसत्त्व जास्त, तितके किरण जास्त गडप. आम्लात बी-१ सर्वांत जास्त शोषतं २४६ नॅनोमीटरच्या सुमारास, तर बी-६ २९१ च्या आसपास.

पण दोन्ही एकाच पाण्यात! मग कुणी किती शोषलं, हे वेगळं कसं काढायचं? आपल्या बाजाराच्या हिशेबानं. समजा, पिशवीत कांदे-बटाटे आहेत आणि पिशवी उघडायची नाही. एका दुकानात कांदा २० रुपये किलो, बटाटा ३०. पिशवीचे होतात १२० रुपये. दुसऱ्या दुकानात कांदा ३०, बटाटा २०. तिथे होतात १३०. दोन्ही बिलांची बेरीज केली की एकूण माल ५ किलो निघतो, वजाबाकी केली की कांदा १ किलोनं जास्त. म्हणजे ३ किलो कांदे, २ किलो बटाटे. इथे दुकानं म्हणजे दोन तरंगलांबी, भाव म्हणजे शुद्ध बी-१ आणि शुद्ध बी-६ किती शोषतात ते आधी मोजून ठेवलेले आकडे. कार्ल फीरॉर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ साली प्रकाशशोषणावरून मोजमाप करण्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्याच नावानं ही रीत ओळखतात.

पिशवीत तिसरी भाजी निघाली मात्र, की हिशेब कोसळतो! बी-कॉम्प्लेक्समध्ये पिवळं बी-२, शिवाय आणखी दोन-चार असतात. तिथे आधी घटक वेगळे करून मगच मोजतात.

बरं, वहिनींच्या मुंग्यांचं काय? बी-६ बरेच दिवस फार जास्त पोटात गेलं, तर मज्जातंतूंना इजा होते आणि मुंग्या त्यानेही येतात. डोस वाढवणं म्हणूनच धोक्याचं. मी म्हटलं, "घरातल्या सगळ्या गोळ्या आणा बघू." त्यांनी दोन बाटल्या आणल्या. एक मुंग्यांची, दुसरी "शक्तीची", सूनबाईंनी आणलेली. दोन्हींच्या लेबलावर बी-६ होतंच. शिवाय शक्तीची बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत, उन्हात ठेवलेली! बी-२ उजेडानं खराब होतं हो.

दुपारी वहिनी दोन्ही बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेल्या.