लस आणि आपण – भाग ९ : ‘मागे घेतली’ म्हणजे काय झाले?

मे २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात ओळखीतले सगळे मला एकच विचारत होते. ‘कोविशील्ड मागे घेतली म्हणे. मग आपण टोचून घेतली तिचं काय?’ विचारणाऱ्यांत सत्तरीच्या मावशी होत्या, नुकताच नोकरीला लागलेला भाचा होता. भाचा तर प्रयोगशाळेत जाऊन डी-डायमर ही रक्तातल्या गुठळ्यांची तपासणी करून आला होता. लस घेऊन तीन वर्षे उलटल्यावर त्या तपासणीतून काहीच कळणार नव्हते. पण त्याची भीती खरी होती आणि तिला सरळ उत्तर कुणी देत नव्हते. गेल्या आठवड्यात आपण लशीला मंजुरी कशी मिळते ते पाहिले. आज ती वापरातून जाते कशी, ते पाहू.

आधी घटनाक्रम. कोविशील्ड म्हणजे ॲस्ट्राझेनेका या कंपनीचीच कोविडवरची लस, भारतात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली. ब्रिटनमध्ये नुकसानभरपाईचे दावे चालू होते. तिथल्या न्यायालयात ॲस्ट्राझेनेकाने फेब्रुवारी २०२४मध्ये लेखी मान्य केले, की आपल्या लशीमुळे अत्यंत क्वचित ‘टीटीएस’ होऊ शकतो. म्हणजे रक्तात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट्स घसरतात. ही बातमी एप्रिलअखेरीस फुटली. पाठोपाठ ७ मे रोजी युरोपीय संघातला या लशीचा परवाना संपला. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या : गुन्हा कबूल केला आणि माल उचलला. प्रत्यक्षात परवाना रद्द करण्याचा अर्ज कंपनीने ५ मार्चलाच दिला होता. नव्या उपप्रकारांसाठी सुधारलेल्या लशी बाजारात आल्याने हिला मागणी उरली नाही, हे तिने दिलेले कारण. सीरमने तर कोविशील्ड बनवणे डिसेंबर २०२१पासूनच थांबवले होते.

आणि टीटीएस ही काही २०२४ची बातमी नव्हे. ११ मार्च २०२१ रोजी डेन्मार्कने ही लस थांबवली, चार दिवसांनी जर्मनी, फ्रान्स, इटलीनेही. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात आंद्रेयास ग्राइनाखर हे रक्तातल्या एका जुन्या दुखण्याचे अभ्यासक. हेपारिन हे रक्त पातळ करणारे औषध काही रुग्णांत उलटे गुठळ्याच करते, ते हे दुखणे. लस घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात त्यांच्या चमूला तशीच खूण सापडली : प्लेटलेट्समधल्या ‘पीएफ-४’ या प्रथिनाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे. हे कळणे का मोलाचे होते? गुठळी दिसली की डॉक्टरचा हात आपसूक हेपारिनकडे जातो, आणि इथे नेमके तेच टाळायचे होते. प्लेटलेट्स कमी आहेत म्हणून त्या चढवायच्याही नव्हत्या. धोका जाहीर झाला म्हणून पुढच्या रुग्णांना योग्य उपचार मिळाले. ‘लोक घाबरतील’ म्हणून अशी माहिती दाबावी असे म्हणणाऱ्यांशी माझे अजिबात पटत नाही, ते याचसाठी.

धोका आहे, मग लस बंद का केली नाही? ७ एप्रिल २०२१ रोजी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केंब्रिजच्या संख्याशास्त्रज्ञांनी केलेला एक तक्ता दाखवला. संसर्ग कमी असेल तर साठ ते एकोणसत्तर वयाच्या एक लाख लोकांमागे सोळा आठवड्यांत लस १४.१ जणांना अतिदक्षता विभागापासून वाचवते आणि ०.२ जणांना गंभीर इजा करते. विशीतल्यांत मात्र वाचतात ०.८ आणि इजा होते १.१ जणांना. लस तीच, पण पारडे फिरले. म्हणून ब्रिटनने तिशीच्या आतल्यांना दुसरी लस देऊ केली आणि वृद्धांसाठी हीच चालू ठेवली. डेन्मार्कमध्ये साथ आटोक्यात होती, हाताशी फायझर-मॉडर्ना होत्या. त्यांनी १४ एप्रिलला ही लस कायमची सोडली. त्यानंतर महिन्याभराच्या आतच भारतात दिवसाला चार लाखांहून अधिक रुग्ण नोंदले जात होते आणि लोक ऑक्सिजनसाठी वणवण करत होते. डेन्मार्कचा निर्णय इथे जसाच्या तसा उचलणे म्हणजे माणसे मरू देणे झाले असते.

पण म्हणून इथे सगळे नीट झाले, असे मी म्हणणार नाही. १७ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने सांगितले, की कोविशील्डनंतर गुठळ्यांचे २६ संभाव्य रुग्ण सापडले. प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१. ब्रिटनमध्ये ते ४, जर्मनीत १० होते. दक्षिण आशियाई लोकांत गुठळ्यांचा धोका मुळात कमी असतो, हा सरकारचा खुलासा काही अंशी बरोबर असेलही. पण लसीकरण केंद्र आठवा. टोचून झाले की अर्धा तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवत आणि ‘ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या’ सांगून सोडत. तो अर्धा तास तातडीच्या ॲलर्जीसाठी. टीटीएस दिसतो साधारण चौथ्या दिवसानंतर, घरी : न थांबणारी डोकेदुखी, धाप, पायाला सूज, सुईच्या जागेपासून दूर उठणारे बारीक लाल ठिपके. त्या मे महिन्यात डोके दुखते म्हणून कोणाच्या प्लेटलेट्स तपासल्या गेल्या असतील? टीटीएसचा उल्लेख २०२१मध्येच माहितीपत्रकात केला होता, असे सीरम सांगते. पण दहा जणांना पुरणाऱ्या कुपीबरोबरचे ते पत्रक टोचून घेणाऱ्याच्या हाती कधी आले?

जिममध्ये किंवा गरबा खेळताना कोसळलेल्या तरुणांच्या चित्रफिती टीटीएसच्या नावावर फिरल्या, तेही चूक. हृदयविकाराचा झटका वेगळा, टीटीएस वेगळा. अठरा ते पंचेचाळीस वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) अभ्यास केला. त्यात लशीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही.

‘लस मागे घ्या’ या गदारोळात खरा प्रश्न मागे पडला : जी मोजकी माणसे या लशीने गेली, त्यांच्या घरच्यांनी कुठे जायचे? ब्रिटनमध्ये लशीने गंभीर अपंगत्व किंवा मृत्यू आल्यास सरकार एकरकमी १ लाख २० हजार पौंड देते. साठ टक्के अपंगत्वाच्या अटीवरून तिथेही संताप आहे, पण दार तरी आहे. आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की लस ऐच्छिक होती, जबाबदारी सरकारवर येत नाही. ज्यांचे नुकसान झाले त्यांनी दिवाणी न्यायालयात दाद मागावी. तिथे घरच्यांकडे पुरावा मागितला जाणार. तो असतो पीएफ-४ तपासणीच्या अहवालात, आणि ती तपासणी त्या दिवसांत केलेलीच नसते.

(पुढील भागात : १९९९मध्ये अमेरिकेत मागे घेतलेली रोटाशील्ड ही लस आणि गरीब देशांतली मुले.)