सूर्यास्तापूर्वीचा दुधाचा पेला

चौविहार पाळणाऱ्या घरातील संध्याकाळचे स्वयंपाकघर सूर्याच्या वेळापत्रकावर चालते. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी तो सव्वासातनंतरही आकाशात असतो. अशा घरातले शेवटचे भोजन ऋतूनुसार तासाभराहून अधिक मागेपुढे सरकते. त्या भोजनाची सांगता आमच्या घरी मसाल्याच्या कढत दुधाने होत असे. रात्रभर मुखात काही घ्यायचे नाही, तेव्हा हा पेला पोटाला आणि मनालाही आधार देई. सारा महाराष्ट्र कोजागरीला चांदण्यात दूध पितो; आमच्या मातोश्री मात्र त्या दिवशीही दिवस मावळण्याआधीच पेले भरीत.

या दुधात काय घालावे आणि काय घालू नये, याचे नियम परंपरेने ठरवून दिले आहेत. आले आणि ओली हळद हे कंद अनंतकाय म्हणून वर्ज्य, पण वाळवलेली सुंठ आणि हळदीची पूड ग्राह्य मानली जाते. पाकशास्त्राच्या दृष्टीनेही हा विवेक सोयीचा ठरतो. ओल्या आल्यात दुधातील प्रथिनांवर क्रिया करणारे विकर असते, त्यामुळे दूध फाटण्याचा संभव असतो. सुंठीच्या पुडीने सहसा तसे होत नाही. हळदीचेही तसेच. शेतातून काढलेला कंद शिजवून, उन्हात वाळवून आणि घासून स्वच्छ केल्यावरच त्याचे टिकाऊ हळकुंड होते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथून जवळच असलेल्या हरिपुरात जमिनीखालील पेवांत हळकुंडे दीर्घकाळ साठवली जात. आमच्या भागातील स्वयंपाकघरांना हळदीची अपूर्वाई अशी कधी नव्हतीच.

जुन्या शिस्तीच्या घरांत दूध काढल्यापासून एका मुहूर्ताच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत ते गाळून तापवले जाई. आज दूध पिशवीतून येते, तरी तापवताना लक्ष द्यावेच लागते. तापलेल्या दुधावर साय धरते, तिच्याखाली वाफ कोंडते आणि दूध उतू जाते. म्हणून भांड्यापासून हलू नये व दूध सतत ढवळत राहावे.

चार जणांसाठी १ लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवावे. उकळी आल्यावर अर्धा चमचा हळद, पाव चमचा सुंठपूड, ४ वेलदोड्यांची पूड आणि २ मिरे कुटून घालावेत. हळदीचा उग्र वास जाईपर्यंत, म्हणजे सात-आठ मिनिटे, उकळू द्यावे. खाली उतरवल्यावर जायफळ किंचित किसून घालावे. ते जास्त झाले तर चव कडवट होते. गूळ घालायचा असल्यास दूध थोडे निवल्यावरच घालावा, अन्यथा ते फाटते. बदाम-चारोळी ऐपतीप्रमाणे, केशर सणावारी.

हळदीसोबत मिरी घालण्यामागे अनुभव तर आहेच, शिवाय त्याला शास्त्राचा दुजोराही मिळाला आहे. मिरीतील पायपरीनमुळे हळदीतील कर्क्युमिन शरीरात अधिक शोषले जाते, असे १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवून दिले. तथापि त्यांनी दिलेल्या मात्रा स्वयंपाकघरातील चिमटीपेक्षा कितीतरी मोठ्या होत्या. तेव्हा या दुधाला औषध समजू नये. ते अन्न आहे. मधुमेह असणाऱ्यांनी गोडाचे प्रमाण आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी हळदीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

खरा प्रश्न मात्र वेळेचा आहे. बँकेच्या सेवेत असताना रोजकीर्द जुळवून मी बाहेर पडे, तेव्हा थंडीत अंधार झालेला असे. आज कित्येक घरांत मुलगा आणि सून दोघेही आठनंतर परततात. नातवंडे शाळेतून आणि शिकवणीतून भुकेली येतात, ती पुड्यातले काहीतरी खाऊन भूक भागवतात. सूर्यास्ताच्या वेळी घरात असतो तो आपण ज्येष्ठच. या प्रथेची खंत करीत बसण्याऐवजी पातेले आपणच हाती का घेऊ नये? विशेषतः आपण निवृत्त पुरुषांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात स्वयंपाकघराचा उंबरठा फक्त जेवणापुरता ओलांडला.

यासाठी पाककौशल्य लागत नाही. अर्धा तास आणि लक्ष एवढेच लागते. मसाल्याची पूड आठवड्याची एकदम करून डबीत भरून ठेवावी. पंचांगात किंवा वृत्तपत्रात सूर्यास्ताची वेळ पाहावी आणि तिच्या पाऊण तास आधी दूध चुलीवर चढवावे. नातवंडाला वेलदोडे सोलायला बसवावे. नियम का पाळायचा, हे ते शेजारी बसल्या बसल्या विचारील. तेव्हा सांगण्यासाठी आपल्यापाशी वेळही असेल आणि त्याच्या हातात दुधाचा पेलाही.