मुलाचें पोट वारंवार कां दुखतें?



“पोट दुखतें” ही तक्रार ऐकली नाहीं असा शिक्षक किंवा अशी माता विरळा. ओवा-मीठ, हिंगाचा लेप, दृष्ट काढणें हे उपाय घरोघर चालतात आणि बहुधा तासाभरांत मूल खेळूंही लागतें. पण आठ-पंधरा दिवसांनीं तीच तक्रार पुन्हां आली, म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मोठा रोग आहे. दुसरा म्हणतो, शाळा चुकविण्याची लबाडी आहे. बहुतेक वेळां दोन्ही पक्ष चुकलेले असतात, आणि त्यांच्या वादांत कारणाचा शोध राहून जातो.

जॉन ॲप्ली या इंग्रज बालरोगतज्ज्ञानें ब्रिस्टलकडील १००० शाळकरी मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष १९५८ सालीं प्रसिद्ध केले. तीन महिन्यांत निदान तीन वेळां, नित्यक्रमांत खंड पडावा इतकें ज्यांचें पोट दुखतें, अशीं मुलें सुमारें नवांत एक निघालीं. पण अशा दुखण्यासाठीं रुग्णालयांत तपासलेल्या मुलांपैकीं फारच थोड्यांत अवयवाचा रोग सांपडला. याचा अर्थ दुखणें खोटें असा नव्हे. आंतड्यांतील मज्जातंतूंचें जाळें व मेंदू यांचा अखंड संबंध असतो. कांहीं मुलांत तें जाळें इतकें हळवें बनतें कीं, वायूनें आंतडें किंचित् फुगलें तरी त्यांना कळ येते. भीतीनें ती वाढते. मूल सोंग करीत नसतें.

तेव्हां प्रथम एक वही करावी. दुखणें कोणत्या वारीं, किती वाजतां सुरू झालें, किती टिकलें, आधीं काय खाल्लें, शौचास कसें झालें, हें दोन-तीन आठवडे लिहावें. “कोठें दुखतें तें दाखव,” असें मुलास सांगावें. बेंबीपासून जागा जितकी दूर, तितकी तपासणीची निकड अधिक, हें ॲप्लीचें सूत्र निरपवाद नसलें तरी उपयोगी आहे.

वहींतून पुष्कळदां जें कारण बाहेर पडतें, त्याविषयीं घरांत कोणी बोलत नाहीं. तें म्हणजे मलावरोध. “रोज होतें” एवढ्यावर निश्चिंत राहूं नये. थोडें होऊन बाकीचें सांचत असतें. एकदां शौचाला दुखलें कीं मूल वेग दाबून धरतें, मळ अधिक कठीण होतो, आणि पुढच्या वेळीं अधिकच दुखतें. हळूहळू गुदाशय ताणून त्याची जाणीव बोथट होते. मग सांचलेल्या मळाच्या बाजूनें पातळ द्रव पाझरून कपडे खराब होतात, आणि घरचे त्याला हगवण समजून उलटा उपचार करतात! यांत शाळेचा वांटा मोठा आहे. करंगळी दाखवायला मुलास लाज वाटत नाहीं; शौचास जाऊं कां, असें विचारणें म्हणजे वर्गाचें हंसें ओढवून घेणें. शिवाय शौचकूपांत पाणी नसतें, दाराला कडी नसते. मुलामुलींसाठीं स्वतंत्र शौचकूपें असावींत असें २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. तीं वापरण्याजोगीं आहेत कीं नाहींत हें पालकांनीं स्वतः जाऊन पाहावें. घरीं जेवणानंतर पांच-दहा मिनिटें, पाय नीट टेकवून, घाई न करतां बसण्याची संवय लावावी.

जंतांचें कारण सर्वांस ठाऊक आहे. २०१५ पासून शाळा-अंगणवाड्यांतून जंतनाशक गोळी देतात. ती मुलानें घेतली कीं नाहीं हें विचारावें. दुधानें पोट फुगत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें दोन आठवडे दूध थांबवून पुन्हां सुरू करून पाहावें. गहूं न मानवण्याचा रोग असल्यास वाढ खुंटते, रक्त कमी होतें. पण त्याची रक्ततपासणी गहूं चालू असतांनाच करावी लागते. लघवीचीही तपासणी करावी, कारण तेथील संसर्ग कधीं कधीं केवळ पोटदुखीच्या रूपानें प्रकट होतो.

दुखणें सोमवारीं येतें आणि सुटींत नाहींसें होतें, असें वहींत दिसलें तर मुलाला धाक घालूं नये. कोणता तास नकोसा वाटतो, वाटेंत कोण छळतो, हें शांतपणें विचारावें. मात्र घरीं बसवून ठेवूं नये. गैरहजेरी लांबली कीं परत जाणें अधिक कठीण होतें.

वजन घटणें, मळांत रक्त, रेंगाळणारा ताप, दुखण्यानें झोपेंतून जाग येणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावें. हिरवी उलटी झाली, किंवा बेंबीजवळची कळ उजवीकडे खालीं सरकून तेथेंच ठाण मांडून बसली, तर एरंडेल पाजूं नये आणि सकाळचीही वाट पाहूं नये.