नडगीवरचे ठिपके आणि नवी गोळी

घोट्याभोवती, नडगीवर लालजांभळे ठिपके उठतात. डास चावले असतील, उष्णता झाली असेल, असं म्हणत घरात कुणीतरी कैलास जीवन पुढे करतं. त्वचारोगतज्ज्ञ मात्र आधी ठिपक्यावरून बोट फिरवतात. बोटाला उंचवटा लागतो का? मग वर काचेची पट्टी दाबतात. साध्या पुरळाची लाली दाबल्यावर फिकी पडते. हा ठिपका तसाच राहतो, कारण रक्त वाहिनीबाहेर झिरपलेलं असतं.

पुढचा प्रश्न ठरलेला: ‘महिन्याभरात कोणती नवी गोळी सुरू झाली?’

या ठिपक्यांमागे असतो त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा दाह, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस. काही जणांचं शरीर औषधालाच शत्रू समजतं. त्यातून तयार झालेली प्रतिपिंडांची जाळी वाहिन्यांच्या भिंतींत अडकतात, पांढऱ्या पेशी तिथे तुटून पडतात आणि भिंत गळू लागते. पायांत रक्ताचा दाब जास्त, म्हणून सुरुवात तिथून. फ्युरोसेमाइड, थायझाइडसारख्या लघवीच्या गोळ्या, एसीई इनहिबिटर, अमिओडॅरोन अशा हृदयरोगातल्या नेहमीच्या औषधांनी क्वचित असं होतं. बहुधा औषध सुरू झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत. हायड्रॅलाझीन या औषधाची तऱ्हा वेगळी. ते महिन्यांनी, वर्षांनीही त्रास देतं आणि तेव्हा मूत्रपिंड, फुप्फुसंही कचाट्यात सापडू शकतात.

पण दरवेळी दोष गोळीचाच असतो असं नाही. घशाचा संसर्ग, हिपॅटायटिस सी, संधिवात यांतही असेच ठिपके येतात. हृदयरुग्णाला सोबत तापही असेल, तर झडपेला जंतुसंसर्ग झालाय का, हे आधी पाहावं लागतं. त्वचेचा तुकडा तपासायचा तर ठिपका एक-दोन दिवसांचा, ताजा हवा. लघवीत रक्त किंवा प्रथिनं जातात का, हेही बघतात. त्यावरून मूत्रपिंडाची खबर लागते.

दाह त्वचेपुरताच असेल तर औषध बदलणं, विश्रांती आणि पाय उशीवर ठेवणं बहुतेकदा पुरतं. काही आठवड्यांत ठिपके ओसरतात, तपकिरी डाग मागे रेंगाळतात. जखमा झाल्या तर स्टिरॉइड लागू शकतात.

गोळी परस्पर बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं. बीटा ब्लॉकर अचानक थांबवला तर छातीत कळ येऊ शकते. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ करणारी गोळी सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. बदल हृदयरोगतज्ज्ञांनीच करायचा. दोषी ठरलेल्या औषधाचं नाव फाइलवर ठळक लिहून घ्यावं. २०१० पासून सुरू असलेल्या भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाकडे रुग्णालाही अशा त्रासाची नोंद करता येते. त्याचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४.