पायाखालचा बर्फ बदलतो तेव्हा

स्कीइंगचा बेसिक कोर्स करून आलेली मंडळी पुढच्या हिवाळ्यात हौसेने गुलमर्गला परत जातात आणि दुसऱ्याच दिवशी हिरमुसतात. गेल्या वर्षी छान वळणं जमत होती, यंदा पाय ऐकतच नाहीत. कसब कुठे गेलेलं नसतं. ज्या बर्फावर ते शिकलेलं असतं, तो बर्फ यंदा पायाखाली नसतो. कोर्समध्ये सराव होतो तो दाबून, घोटून एकसारख्या केलेल्या मंद उतारावर. तिथे स्की जे सांगू ते करते. डोंगरावर मात्र असा बर्फ थोडाच असतो.

गुलमर्ग हे उदाहरण मी मुद्दाम घेतो. १९६८ पासून तिथे केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे आणि महाराष्ट्रातले कितीतरी ट्रेकर्स पहिल्यांदा स्की चढवतात ते इथे किंवा औलीला. गुलमर्गचं मैदान साधारण २६५० मीटरवर. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जरा खाली सोडतो. तिथून मैदानापर्यंतची उतरण तेराशे मीटरच्या आसपास. या एका उतरणीत वर वाऱ्याने घट्ट केलेला बर्फ, मधल्या घळीत मऊ पावडर, कोंगडोरीजवळ शेकडो स्कींनी घासून गुळगुळीत केलेला टणक पट्टा आणि खाली झाडीत ओलसर, जड बर्फ, असं सगळं भेटू शकतं.

हा फरक केवढा असतो? ताज्या, कोरड्या पावडरचा एक घनमीटर पन्नास ते शंभर किलो भरतो. यंत्राने दाबलेल्या उतारावर तेवढ्याच जागेत चारशे-पाचशे किलो बर्फ असतो आणि निव्वळ गोठलेल्या पाण्याचं वजन ९१७ किलो. म्हणजे त्याच स्कीखालचा पदार्थ दहापट घट्ट किंवा दहापट विरळ होतो. घर्षणही बदलतं. बाउडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं, की स्की घसरते ती घर्षणाच्या उष्णतेने तिच्याखाली तयार होणाऱ्या पाण्याच्या पातळ थरावरून. कडाक्याच्या थंडीत हा थर पुरेसा तयार होत नाही आणि स्की अडखळत चालते. ऊन तापलं की पाणी जास्त होतं आणि स्की तळाकडून ओढल्यासारखी चिकटते.

म्हणून प्रत्येक बर्फासाठी वेगळं तंत्र शिकायचं का? माझं ठाम मत आहे, की नाही. शरीराची ठेवण एकच ठेवायची. बदलायचं ते दाब किती, कुठे आणि किती हळू द्यायचा हे.

आधी ठेवण. सह्याद्रीत उतरताना आपल्या अंगात एक सवय भिनलेली असते. घसाऱ्यावर पाय सटकायला लागला की आपण मागे रेलतो, गुडघ्यात बसतो, वेळ पडली तर सरळ बुडावर येतो. तिथे ते बरोबरच असतं. स्कीवर मात्र हीच सवय घात करते. वजन मागे गेलं की स्कीची पुढची बाजू हलकी होते आणि वळण सुरू होतं ते पुढच्या बाजूनेच. वेग वाढतो, माणूस घाबरून आणखी मागे बसतो. शिवाय बसक्या अवस्थेत खालची स्की आतल्या कडेवर अडकून पिळली गेली, की गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका असतो. गुलमर्गचे प्रशिक्षक दिवसभर ‘घुटना आगे, घुटना आगे’ ओरडत असतात ते यासाठी. आपण बरोबर उभे आहोत का, हे तपासायची खूण बुटातच असते. नडगी बुटाच्या जिभेला सतत हलकी टेकलेली हवी. तो स्पर्श सुटला की समजावं, वजन मागे गेलं.

आता टणक बर्फ. सर्वात जास्त भीती याचीच वाटते, आणि घाबरून आपण जे करतो तेच नेमकं चुकीचं असतं. चकचकीत पट्टा दिसला की माणूस दोन्ही पाय ताठ करून जोरात ब्रेक मारायला जातो. कड एकदम दाबली की ती धरत नाही, सुटते, आणि स्की आडवी घसरत जाते. इथे दाब लवकर सुरू करायचा आणि हळूहळू वाढवायचा. वळणाच्या शेवटी एकदम जोर लावण्याऐवजी वळणाच्या वरच्या भागातच बाहेरच्या स्कीवर वजन येऊ द्यायचं. गुडघे आणि कंबर डोंगराच्या बाजूला झुकवायची, खांदे मात्र बाहेरच्या पायाच्या वर राहू द्यायचे. सगळं अंगच आत झुकलं तर वजन आतल्या स्कीवर जातं आणि बाहेरची निसटते. पट्टा लहान असेल तर त्यावर वळूच नये. स्की सपाट ठेवून, अंग सैल ठेवून ओलांडून जावं, आणि पलीकडे भुसभुशीत बर्फ साठलेला असतो तिथे वळावं.

यात अर्धा वाटा स्कीच्या कडांचा असतो. भाड्याच्या दुकानातून स्की घेताना पोलादी कडेवरून अंगठ्याचं नख आडवं ओढून पाहा. नखाचा बारीक कीस निघाला तर कड धारदार आहे. नख नुसतंच सरकलं तर दुसरी जोडी मागा. बोथट कडांनी टणक बर्फावर चांगला स्कीअरही घसरतो.

पावडर हा याच्या अगदी उलट प्रकार. गुलमर्गची ख्याती जगभर झाली ती या कोरड्या पावडरमुळे. चिल्लई कलानच्या चाळीस दिवसांत, म्हणजे २१ डिसेंबरपासून जानेवारी संपेपर्यंत, एखादा जोरदार पश्चिमी झंझावात आला की रातोरात गुडघाभर बर्फ साचतो. येईलच अशी खात्री मात्र आता राहिलेली नाही. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ गुलमर्गची कुरणं उघडी पडलेली सगळ्यांनी पाहिली.

पावडरमध्ये कड कामाची नसते, कारण धरायला खाली काही घट्टच नसतं. घोटलेल्या उतारावर शिकलेलं ‘वजन बाहेरच्या स्कीवर’ इथे जसंच्या तसं लावलं, तर ती एक स्की खोल बुडते, दुसरी वर तरंगते आणि माणूस तोंडावर पडतो. दोन्ही पाय जवळ आणून, वजन जवळपास समसमान वाटून, दोन्ही स्कींचा एकच रुंद तळ करायचा. थोडा वेग हवाच, कारण वेगामुळेच स्की वर उचलली जाते. फार हळू जाणारा पावडरमध्ये रुततो. मग गुडघे वाकवून खाली दाबायचं, बर्फ दबतो आणि परत वर ढकलतो. स्की वर येऊन हलकी झालेल्या त्या क्षणी वळायचं. पाय पिळून वळवायला गेलात तर बाजूचा बर्फ आडवा येतो. ‘पावडरमध्ये मागे बसा’ हा सल्ला अजूनही कानावर पडतो. तो अरुंद स्कींच्या जमान्यातला आहे. पायाखाली शंभर मिलिमीटर किंवा जास्त रुंदीची स्की मिळाली तर मागे बसायची गरजच उरत नाही, आणि बसलात तर दहा वळणांत मांड्या भरून येतात.

पडल्यावर स्की निघाली आणि दिसेनाशी झाली, तर माणसं पहिल्यांदा खाली शोधायला धावतात. आपण घरंगळत खाली आलेले असतो. स्की बहुतेक वेळा पडलो त्या जागेजवळच, म्हणजे आपल्या वर गाडलेली असते. उरलेली स्की हातात घेऊन तिच्या शेपटाने बर्फात ओळीने आडवे काप देत वर जायचं. धातूवर धातू आपटला की ठणका हाताला कळतो.

क्रस्टबद्दल थोडक्यात. वर उन्हाने किंवा वाऱ्याने आलेली पापडी, खाली मऊ बर्फ, आणि पापडी वजन पेलेल की फुटेल याचा भरवसा नाही. दोन्ही स्की एकत्र, मधोमध वजन, लहानशी उडी मारून हवेतच वळण. तेही जमत नसेल तर तिरकं जावं, थांबावं, उभ्याने दिशा बदलावी. इथे सफाईदार दिसण्याचा हट्ट धरू नये.

असा थरांचा बर्फ कसलेल्यांचीही परीक्षा पाहतो. बेजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्ग भागातला आरिफ खान. तिथले उतार जवळजवळ संपूर्ण कृत्रिम, टणक बर्फाचे होते आणि जायंट स्लॅलमच्या दिवशी नेमका वरून जोराचा हिमवर्षाव झाला. कित्येक जण अर्ध्यातच बाहेर पडले. आरिफने दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या, ४५ वा आला. टणक तळावर ताजा थर, त्यात समोरचं नीट दिसत नाही, अशा दिवशी शेवटपर्यंत पोचणं किती अवघड असतं, हे अफरवटच्या ढगात सापडलेल्या कुणालाही विचारा.

एका बाबतीत मात्र तंत्र कामी येत नाही. हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो तो तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर, म्हणजे पावडरसाठी लोक जातात त्याच उतारावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश आणि पुढच्याच फेब्रुवारीत गुलमर्गमध्ये एक रशियन स्कीअर दगावला. स्कीच्या भाराने ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला किंवा पायापासून भेगा पळाल्या, तर त्या उतारावर पुढचं पाऊल टाकू नये. स्की पेट्रोलने, म्हणजे उतारावरच्या गस्तीपथकाने, बंद केलेल्या हद्दीत जाऊ नये. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग देणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (शोधकाठी) जवळ नसेल आणि वापरता येत नसेल, तर आखलेला उतार सोडूच नये; गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढावं लागतं आणि तेवढ्यात पोचू शकतात ते फक्त सोबतचेच.

शेवटचा प्रकार वसंतातल्या बर्फाचा. मार्चअखेरीस गुलमर्ग घड्याळावर चालतं. रात्री गोठलेला उतार सकाळी काचेसारखा कठीण, दहा-अकराच्या सुमारास वरचा इंचभर सुटा, दाणेदार आणि अतिशय आनंद देणारा, दुपारनंतर खिचडी. या खिचडीत स्की अचानक अडकते आणि अंग पुढे फेकलं जातं, म्हणून पाय जरा रुंद, वळणं लांब आणि दोन्ही पायांवर भार.

हे सगळं एका सुट्टीत येणार नाही, पण सुरुवात सोप्या जागी करता येते. आखलेल्या उताराच्या कडेला घोटलेला आणि सुटा बर्फ एकमेकांना भिडतात, त्या रेषेवरून खाली या. एक वळण आत, एक बाहेर. प्रत्येक वळणात तळव्याखाली काय बदललं ते ओळखा आणि दाब त्याप्रमाणे कमी-जास्त करा. प्रशिक्षकाला खास याच सरावासाठी तासभर मागा. हा सराव सकाळीच करावा. दुपारी मांड्या थकल्या की वजन आपसूक मागे जातं. तेव्हा वरच्या टप्प्यावरून गोंडोलानेच खाली यावं.